शुश्रूषा घरी परतली

मेढ्याच्या उत्तरेस, डोंगरमाथ्यावर पाचगणी आहे. तेथे डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी १९१२ साली ‘बेल एअर’ हे क्षयरोग्यांचे आरोग्यधाम उभारले. त्या काळी क्षयावर औषध नव्हते. स्वच्छ हवा, सकस आहार आणि दीर्घ विश्रांती हाच उपचार. रोगी महिनोन्‌महिने आप्तांपासून दूर राही. घरच्यांच्या वाट्याला उरे ती केवळ प्रतीक्षा.

१९४३ साली स्ट्रेप्टोमायसीनचा शोध लागला. पुढे आणखी औषधे आली, तरी रोग्याला घरी ठेवण्याची भीती सरली नाही. मद्रासच्या संशोधकांनी १९५९ साली तिचे निरसन केले. औषधे नियमित घेतल्यास गरिबाच्या घरीही रोगी आरोग्यधामाइतकाच बरा होतो आणि घरच्यांना त्यामुळे अधिक धोका पोहोचत नाही, असे त्यांना आढळले.

शुश्रूषा अशी घरी परतली. तिचा भारही घरावर आला. क्षय बरा झाला तरी फुप्फुसांतील व्रण पुष्कळदा राहतात, चार पायऱ्या चढताना धाप लागते. रात्री पाठीशी उशी लावणारी, गोळ्यांची वेळ सांभाळणारी बहुधा पत्नी वा सून असते. रोग्याच्या भेटीस जाल तेव्हा, वाचकहो, तिचीही विचारपूस करा.