पेटंट टिकवायचे तर दरवर्षी शुल्क. मुदत चुकल्यास हक्क संपुष्टात

पेटंट एकदा मंजूर झाले की २० वर्षांची निश्चिंती, असा समज अनेक संशोधकांमध्ये आढळतो. प्रत्यक्षात ‘पेटंट अधिनियम, १९७०’च्या कलम ५३ नुसार अर्ज दाखल केल्याच्या दिनांकापासून मोजली जाणारी ही मुदत नूतनीकरण शुल्क वेळेवर भरण्याच्या अटीवरच मिळते. शुल्क थकल्यास पेटंट संपुष्टात येते.

शुल्काचे टप्पे

पहिल्या दोन वर्षांसाठी शुल्क नाही. तिसऱ्या वर्षाचे शुल्क दुसरे वर्ष संपण्यापूर्वी भरावे लागते व पुढे हाच क्रम चालतो. ऑनलाइन भरणा करणाऱ्या व्यक्ती, स्टार्टअप, लघुउद्योग आणि शैक्षणिक संस्थांना तिसऱ्या ते सहाव्या वर्षासाठी दरवर्षी ८०० रुपये, सातव्या ते दहाव्यासाठी २,४००, अकराव्या ते पंधराव्यासाठी ४,८०० आणि सोळाव्या ते विसाव्यासाठी ८,००० रुपये द्यावे लागतात. संपूर्ण मुदतीची ही रक्कम ७६,८०० रुपये होते. मोठ्या कंपन्यांसाठी दर पाचपट आहेत. २०२४ च्या सुधारित नियमांनुसार किमान चार वर्षांचे शुल्क ऑनलाइन आगाऊ भरल्यास १० टक्के सवलत मिळते.

दर चढते ठेवण्यामागे धोरण आहे. ज्या शोधातून उत्पन्न मिळत नाही, त्याचा हक्क मालकाने सोडून द्यावा आणि तो शोध सर्वांना खुला व्हावा, हा त्याचा उद्देश.

अर्जाच्या दिनांकापासून दोन वर्षे उलटल्यानंतर पेटंट मंजूर झाल्यास मधल्या काळाचे साचलेले शुल्क नोंदवहीतील नोंदीपासून तीन महिन्यांत एकत्र भरावे लागते. नवे पेटंटधारक अनेकदा येथेच चुकतात.

मुदत चुकल्यास

नियमित मुदत हुकल्यास अतिरिक्त शुल्कासह सहा महिन्यांपर्यंत मुदतवाढ मिळते. तीही उलटल्यास, पेटंट संपुष्टात आल्यापासून १८ महिन्यांच्या आत पुनःस्थापनेसाठी अर्ज करता येतो. मात्र, शुल्क भरणे हेतुपुरस्सर टाळले नव्हते आणि अर्जासही अवाजवी विलंब झाला नाही, हे अर्जदाराला पटवून द्यावे लागते. अर्ज प्रथमदर्शनी ग्राह्य ठरल्यास तो प्रसिद्ध होतो व त्यावर हितसंबंधित व्यक्तीला हरकत घेता येते.

पुनःस्थापना झाली तरी गेलेले सर्व परत मिळत नाही. पेटंट संपुष्टात आल्यापासून अर्ज प्रसिद्ध होईपर्यंतच्या काळात कोणी तो शोध वापरला असल्यास त्या वापराबद्दल दावा लावता येत नाही.

कॅनडातील उदाहरण

मधुमेह व लठ्ठपणावरील ‘सेमाग्लुटाइड’ या औषधाचे कॅनडातील पेटंट असेच संपुष्टात आले. नोवो नॉर्डिस्क कंपनीने २०१९ चे काहीशे डॉलरचे शुल्क भरले नाही आणि विलंब शुल्कासह भरण्याची मुदतही जाऊ दिली. परिणामी कोट्यवधींची उलाढाल असलेल्या औषधावरील हे पेटंट तेथे मुदतीआधीच संपले.