सामाईक बीटा : एका रक्तग्राहीच्या शोधाचा इतिहास

अस्थिमज्जेत, म्हणजे हाडांच्या पोकळीतील मऊ ऊतीत, रक्तपेशी तयार होतात हे एकोणिसाव्या शतकातच कळले होते. परंतु पांढऱ्या पेशींची कोणती जात केव्हा आणि किती वाढावी हे कशामुळे ठरते, याचा प्रयोगाने मागोवा घेण्याचे साधन 1960 च्या दशकापर्यंत हाती आले नव्हते. 1965 मध्ये इस्राएलच्या वाइझमन संस्थेत प्लुझ्निक व साक्स यांनी आणि 1966 मध्ये मेलबर्न येथे रे ब्रॅडली व डोनाल्ड मेटकाफ यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, आगर या समुद्रशैवालापासून मिळणाऱ्या द्रव्याने घट्टसर केलेल्या माध्यमात उंदराच्या रक्तजनक पेशी वाढवल्या. अशा माध्यमात पेशींना दूर सरकता येत नसल्याने एका पेशीची संतती एकाच ठिकाणी साचून तिची वसाहत दिसू लागते, आणि बाहेरून काही द्रव्य पुरवल्याखेरीज अशी वसाहत उभीच राहत नाही, हे या प्रयोगांतून उघड झाले.

त्या द्रव्याला वसाहत-उद्दीपक घटक असे नाव मिळाले. ते शुद्ध स्वरूपात वेगळे करण्यात मेटकाफ यांच्या गटाची दीर्घ वर्षे खर्ची पडली, कारण ऊतींमध्ये त्याचे प्रमाण अत्यल्प होते आणि घटकही एक नसून चार निघाले. त्यांपैकी जीएम-सीएसएफ 1977 मध्ये उंदरांच्या फुप्फुसांपासून शुद्ध करण्यात आला. या चिकाटीचे मोल पुढच्या घडामोडींवरून कळते, कारण शुद्ध घटक मिळाल्यावरच, तो पेशीच्या पृष्ठभागावरील कोणत्या प्रथिनाला चिकटतो, म्हणजेच त्याचा ग्राही कोणता, हा प्रश्न विचारता आला.

1989 मध्ये मेलबर्नच्याच संशोधकांनी जीएम-सीएसएफच्या मानवी ग्राहीचे जनुक वेगळे केले, तेव्हा एक विसंगती समोर आली: हे प्रथिन घटकाला पकडत होते खरे, पण रक्तपेशींवर आढळणाऱ्या पकडीच्या मानाने ती पकड दहापटींहून अधिक सैल होती. मोजमापातील ही तफावत नगण्य मानली गेली नाही, हे या इतिहासातील सर्वांत निर्णायक वळण म्हणावे लागेल, कारण तिच्यातूनच ग्राहीचा एक उपघटक अद्याप सापडायचा आहे हे सूचित झाले. तो 1990 मध्ये कॅलिफोर्नियातील डीएनएएक्स संस्थेत सापडला आणि त्याला बीटा म्हटले गेले. आधीचा उपघटक अल्फा ठरला. बीटा एकटा असताना घटकाला जवळजवळ पकडत नाही, परंतु अल्फाला त्याची जोड मिळताच पकड घट्ट होते. 1991 मध्ये आणखी आश्चर्यकारक गोष्ट पुढे आली: इंटरल्यूकिन-3 आणि इंटरल्यूकिन-5 या दोन अन्य संदेशवाहक प्रथिनांचे अल्फा वेगवेगळे असले, तरी तिघांचा बीटा मात्र एकच होता. कोणत्या संदेशाला कोणती पेशी प्रतिसाद देईल हे अल्फा ठरवतो आणि संदेश आत पोहोचवण्याचे मुख्य काम बीटा करतो, अशी कार्यविभागणी त्यावरून स्पष्ट झाली. इओसिनोफिल या पांढऱ्या पेशींच्या वाढीवर तिन्ही घटकांचा परिणाम का होतो, याचाही उलगडा झाला.

बीटाच्या पेशीतील शेपटीला स्वतःची विकरशक्ती नाही. तिला जॅक-2 हे विकर बिलगलेले असते, आणि दोन जॅक-2 रेणू शेजारी आले की ते परस्परांवर फॉस्फेटचे गट बसवून सक्रिय होतात. मग स्टॅट-5 सारखी प्रथिने पेशीकेंद्रात जाऊन वाढीची जनुके चालू करतात. एवढे 1990 च्या दशकातच समजले होते, तरी अडचण राहिलीच. 2001 मध्ये बीटाच्या बाह्य भागाची स्फटिकरचना उकलली, तेव्हा दोन बीटा रेणू एकमेकांत गुंफलेले असूनही त्यांची पेशीपटलाकडील टोके एकमेकांपासून फार दूर असल्याचे दिसले. इतक्या अंतरावरून दोन जॅक-2 एकमेकांना गाठणार कसे?

2008 मध्ये ऑस्ट्रेलियातील पार्कर, लोपेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संपूर्ण संकुलाची रचना प्रसिद्ध केली, आणि ती अपेक्षेपेक्षा मोठी निघाली. घटकाचे दोन, अल्फाचे दोन आणि बीटाचे दोन अशा सहा रेणूंचे एक संकुल बनते, परंतु त्यातही बीटाच्या शेपट्या दूरच राहतात. अशी दोन संकुले एकमेकांना भिडून बारा रेणूंची रचना झाली, म्हणजे मात्र शेजारच्या संकुलांतील बीटांची टोके अगदी जवळ येतात. ही मांडणी स्फटिकापुरतीच नाही हे दाखवण्यासाठी संशोधकांनी दोन संकुले जिथे भिडतात तेथील अमिनो आम्ले बदलून पाहिली, आणि त्या बदलांनी पेशीतील संदेशवहन खालावले.