युद्धोत्तर शिल्लक लष्करी साहित्य आणि नागरी आपत्कालीन सज्जता : वसई-विरार परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना

लष्करासाठी तयार झालेली वाहने, तंबू, नौका आणि बराकी युद्ध संपल्यावर नागरी जीवनात कशा शिरतात, हा सामान्यतः आर्थिक इतिहासाचा विषय मानला जातो. आपत्तींच्या इतिहासात त्याची दखल क्वचितच घेतली जाते. वस्तुतः पूर, वादळ अथवा मोठे स्थलांतर अशा प्रसंगी शासनाच्या हाती तातडीने येणाऱ्या साहित्याचा बराच भाग मूळचा लष्करी असतो. वसई तालुका १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा अस्तित्वात येईपर्यंत ठाणे जिल्ह्यात होता. म्हणून प्रस्तुत लेखात महायुद्धोत्तर ठाणे जिल्ह्यापासून जुलै २०१८ च्या वसई-विरारमधील पुरापर्यंत या संबंधाचा विचार केला आहे. शिल्लक साहित्य उपलब्ध असणे आणि समाज सज्ज असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे त्यातून दिसून येते.

शिल्लक साहित्याच्या दोन वाटा

दुसऱ्या महायुद्धात भारत हा ब्रह्मदेश आघाडीचा पुरवठा तळ होता. १९४५ मध्ये युद्ध थांबले तेव्हा ब्रिटिश व अमेरिकन सैन्याचे प्रचंड साहित्य देशात शिल्लक होते. 'डिस्पोजलचा माल' हा शब्द त्या काळात बाजारात रूढ झाला. ट्रक मालवाहतुकीत गेले. तंबू, ताडपत्र्या, बूट आणि ब्लँकेटे दुकानांत आली. जीपला तर इतकी मागणी निर्माण झाली की १९४७ मध्ये मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू झाली आणि महिंद्र उद्योगाच्या वाहनव्यवसायाचा पाया त्यातूनच घातला गेला. ही पहिली वाट, व्यापाराची. येथे वस्तू लष्कराच्या हातून सुटली की तिचा सार्वजनिक उपयोग ग्राहकाच्या मर्जीवर राहिला.

दुसऱ्या वाटेचे ठळक उदाहरण त्याच जिल्ह्यात सापडते. कल्याणजवळील लष्करी छावणीच्या बराकी फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांच्या निवाऱ्यासाठी देण्यात आल्या आणि १९४९ मध्ये त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. त्या बराकींतील जीवन सुखाचे नव्हते, हे मान्य करावे लागेल. तथापि साहित्य, जागा आणि ते चालविणारी यंत्रणा एकत्र असल्यामुळे लाखाच्या घरातील लोकसंख्येला छप्पर मिळू शकले. पुढे १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटल्यावर पुण्यातील पूरग्रस्तांसाठी निसेन हट उभारण्यात आले. अर्धगोल छपराची ही रचना मूळची पहिल्या महायुद्धातील सैनिकांसाठीची होती.

माणसांच्या बाबतीतही हाच धागा आढळतो. मुंबई प्रांतात डिसेंबर १९४६ मध्ये होमगार्ड संघटना स्थापन झाली. १९६२ च्या चीन युद्धानंतर नागरी संरक्षणाला गती मिळाली आणि १९६८ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा झाला. परंतु या कायद्याची मूळ दृष्टी शत्रूच्या हल्ल्याची होती. नैसर्गिक आपत्तीचा त्यात समावेश होण्यासाठी २००९ ची दुरुस्ती व्हावी लागली.

वसई-विरारची परिस्थिती

दक्षिणेस वसईची खाडी, उत्तरेस वैतरणा, पश्चिमेस समुद्र आणि पूर्वेस तुंगारेश्वरचे डोंगर अशी या प्रदेशाची रचना आहे. डोंगरावरून उतरणारे पाणी सखल शेते व मिठागरे ओलांडून खाडीला मिळते. भरतीच्या वेळी ते अडते. चार नगरपरिषदा व लगतच्या ग्रामपंचायती मिळून ३ जुलै २००९ रोजी महानगरपालिका स्थापन झाली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १२ लाखांहून अधिक भरली. पाण्याच्या वाटेवर वस्ती वाढली. पाण्याची वाट मात्र बदलली नाही.

जुलै २०१८ च्या अतिवृष्टीत याचा प्रत्यय आला. रेल्वेमार्ग पाण्याखाली जाऊन वसई-विरार दरम्यानची उपनगरी वाहतूक बंद पडली. वसईतील मिठागर वस्तीत शेकडो माणसे अडकली. नालासोपाऱ्याजवळ उभ्या राहिलेल्या लांब पल्ल्याच्या गाडीतील प्रवाशांच्या सुटकेसाठी राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाला यावे लागले. वाहत्या पाण्यात एक फूट खोलीलाही लहान मोटार वाहून जाऊ शकते आणि दोन फुटांत बहुतेक वाहने तरंगू लागतात. अशा ठिकाणी लष्करी थाटाची जीपदेखील फारशी कामाची नसते. तेथे नाव लागते आणि ती वल्हवणारा लागतो.

येथे युरोपातील एक घटना उद्बोधक आहे. १९५३ च्या उत्तर समुद्रातील महापुरात ब्रिटन व नेदरलँड्समध्ये महायुद्धातील 'डक' ही पाण्यात व जमिनीवर चालणारी सहाचाकी वाहने बचावकार्यात उतरली. ती उपयोगी पडली याचे कारण ती लष्कराच्या ताब्यात, चालत्या स्थितीत व प्रशिक्षित चालकांसह होती. याउलट ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ येथे पूरग्रस्तांना नेणारी नाव क्षमतेपेक्षा अधिक माणसे चढल्याने उलटली आणि जीवितहानी झाली. नाव होती, किती माणसे चढवावीत यावर हुकमत ठेवणारे कोणी नव्हते. शिल्लक साहित्याच्या मर्यादेचे याहून कठोर उदाहरण क्वचितच मिळेल.

लष्कराने निकाली काढलेली वाहने आजही लिलावाने विकली जातात. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार ऑलिव्ह ग्रीन रंग संरक्षण खात्याच्या वाहनांसाठीच राखीव असल्याने खरेदीदाराला गाडीचा रंग बदलावा लागतो. रंगाची ही काटेकोर काळजी घेणाऱ्या नियमात ते वाहन पुढे आपत्तीत कोणाच्या कामी यावे याविषयी काही नाही. वसई परिसरात मात्र उपयुक्त साधने निराळ्याच रूपात आधीपासून आहेत : अर्नाळा, नायगाव व पाचूबंदर येथील कोळी बांधवांच्या होड्या, शेतकऱ्यांचे ट्रॅक्टर, उंच चाकांचे डंपर. खाडीतील पाणजू बेटावरील रहिवाशांना होडीचे व्यवस्थापन शिकविण्याची गरज नाही. अशा साधनांची व चालकांची प्रभागनिहाय नोंद, इंधनाची तरतूद आणि पावसाळ्यापूर्वीचा सराव यांचा खर्च एखाद्या लिलावातील ट्रकच्या दुरुस्तीपेक्षा अधिक होण्याचे कारण नाही.

७ मे २०२५ रोजी देशभर झालेल्या नागरी संरक्षण सरावासाठी निवडलेल्या ठिकाणांत पालघर जिल्ह्यातील तारापूरचा समावेश होता. हवाई हल्ल्याचा भोंगा, ब्लॅकआउट व सुरक्षित स्थळी स्थलांतर हे त्या सरावाचे मुख्य घटक होते. पावसाळा सुरू होण्यास तेव्हा जेमतेम महिना उरला होता.