हाली का कलदार?

मी शाळेत होतो तेव्हाची गोष्ट. बाजारातून काही आणलं आणि किंमत सांगितली, की माझी दादी हमखास विचारायची, "हाली का कलदार?" तेव्हा १९८० साल उलटून गेलं होतं. हाली रुपया कायद्यानं बाद होऊनही वीस वर्षं झाली होती. आम्ही पोरं हसायचो. पुढे कळलं, की त्या तीन शब्दांत आमच्या सगळ्या सरहद्दीचा इतिहास आहे.

आमचं गाव तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातलं. म्हणजे निजामाच्या राज्यातलं. बैलगाडीनं अर्ध्या दिवसाच्या वाटेवर बार्शी. ती सोलापूर जिल्ह्यात, म्हणजे इंग्रजी मुलखात. तिकडचे लोक आम्हाला 'मोगलाईतले' म्हणायचे. बोली एक, पीकपाणी एक, सोयरीकही होत असे. मध्ये होता तो करोडगिरीचा नाका, म्हणजे जकातीचा. तो ओलांडला की मालावर जकात पडायची आणि खिशातल्या रुपयाची किंमत बदलायची.

हैदराबाद संस्थानाचं चलन स्वतःचं होतं. त्याला 'हाली सिक्का' म्हणत. हाली म्हणजे चालू, सध्याचा. इंग्रजी रुपया तो 'कलदार', म्हणजे कळीवर, यंत्रावर पाडलेला. १९०४च्या सुमारास हाली रुपयाही यंत्रावर निघू लागला, त्याच्यावर चारमिनार आला, तरी कलदार हे नाव इंग्रजी रुपयालाच चिकटून राहिलं. कलदार पावणेबारा ग्रॅमच्या आत-बाहेर, त्यात चांदी शेकडा ९२. हाली सव्वाअकरा ग्रॅमच्या आतला, त्यात चांदी शेकडा ८२. यावरून हिशोब बसला होता, की सात हाली म्हणजे सहा कलदार. शंभर कलदारांचे ११६ हाली रुपये, १० आणे, ८ पै. अडाणी माणसालाही हा आकडा पाठ असे.

पण भाव पाठ असणं वेगळं आणि तो मिळणं वेगळं. दोन्ही रुपये चांदीचे होते तोवर चांदीबरोबर दोघेही चढत-उतरत. १८९३ साली इंग्रज सरकारनं लोकांची चांदी घेऊन रुपये पाडून देणं बंद केलं. कलदाराची किंमत चांदीपासून तुटली आणि हाली-कलदाराचं जुनं नातं डळमळलं. ते सावरायला निजाम सरकारला पुढची कित्येक वर्षं खटपट करावी लागली. १९१८ साली हैदराबादनं स्वतःच्या नोटाही काढल्या.

भाव सावरला तरी हंगामाची ओढाताण राहिलीच. १८९७ साली कुर्डुवाडीहून बार्शीपर्यंत छोटी रेल्वे आली, १९११ साली ती लातूरला पोचली, आणि मोगलाईतला माल जोरात बाहेर जाऊ लागला. सुगीत बाहेरच्या व्यापाऱ्यांना इकडे खरेदीसाठी हाली लागे, म्हणून हाली महाग होई. नेमका तेव्हाच आमचा शेतकरी बार्शीत माल विकून कलदार घेऊन परते. सारा भरायचा तो हालीत, आणि कलदाराचे हाली कमी मिळत. पुढे पावसाळ्यात मागणी ओसरून हाली स्वस्त होई. तेव्हा याला कापड आणायचं असे, बार्शीहून, कलदार मोजून. आता त्याच कलदाराला हाली जास्त द्यावे लागत. फरक शेकड्यामागे थोडाच, पण जाताना एकदा आणि येताना एकदा. त्यावर सराफाचा बट्टा. ज्याच्या घरात चार पैसे शिल्लक असत, तो चांगल्या भावाची वाट बघे. ज्याला उद्याच सारा भरायचा, तो मिळेल तो भाव घेई.

मंडळी, मग १९४७ आलं. २९ नोव्हेंबरला भारत आणि हैदराबाद यांच्यात 'जैसे थे' करार झाला. त्यानंतर थोड्याच दिवसांत निजाम सरकारनं वटहुकूम काढून भारतीय रुपयाचं संस्थानातलं कायदेशीर चलन थांबवलं. हा करारभंग आहे, असं भारत सरकारनं बजावलं. दिल्ली आणि हैदराबादच्या या भांडणात सरहद्दीवरच्या माणसाचा खिसाही गुन्हेगार ठरला. कुणाजवळ कोणता रुपया सापडतो, यावरून तो कुणाचा माणूस हे लोक ठरवू लागले. गावांवर रझाकारांची दहशत होती. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांत पोलीस कारवाई झाली, निजामी राजवट संपली. त्यानंतर सूडाची लाट आली, ती रझाकारांशी संबंध नसलेल्या मुसलमानांवरही कोसळली. पंडित सुंदरलाल समितीनं ज्या चार जिल्ह्यांना सर्वाधिक झळ बसल्याचं नोंदवलं, त्यांत आमचा उस्मानाबाद होता.

त्याच दिवसांत माझ्या आजोबांनी सातशे हाली रुपयांच्या नोटा विकल्या. विहिरीसाठी साठवलेले पैसे होते ते. "निजाम गेला, आता ही रद्दी," असं एका सराफानं सांगितलं. रीतसर भावानं सहाशे कलदार यायला हवे होते. आले साडेतीनशे. विहीर अर्धीच खणून राहिली.

खरं म्हणजे हाली रद्दी झालाच नव्हता. १९५० साली भारतीय रुपया त्याच्या जोडीला आला, तोही सातास सहा याच भावानं. १९५१ साली नवा हाली निघणं थांबलं, आणि बाद झाला तो १९५९ साली. सरकारी भाव एका पैनं हलला नव्हता. आजोबांना नडली ती भीती.

दूरच्या सरहद्दीवरही असंच घडतं. भारताच्या शंभर रुपयांचे नेपाळी १६० रुपये हा भाव १९९३पासून पक्का आहे. तरी नोव्हेंबर २०१६मध्ये आपल्याकडे पाचशे-हजाराच्या नोटा रद्द झाल्या, तेव्हा नेपाळात मजुरांच्या आणि छोट्या दुकानदारांच्या घरात त्या तशाच पडून राहिल्या. ती बातमी वाचताना मला आमची विहीर आठवली.

दादीनं सराफाला कधी शिव्या दिल्या नाहीत. एवढंच म्हणायची, "तुझ्या आजोबानं विचारायला पाहिजे होतं." कुणाला, हे तिनं सांगितलं नाही. त्या दिवसांत विचारायला आमच्यासाठी कोणतं दार उघडं होतं, हे तिलाही माहीत होतं. म्हणून मग ती उरलेलं आयुष्यभर विचारत राहिली. मेथीची जुडी आणली तरी, "हाली का कलदार?"