‘व्हायरस आलाय’ : एका निदानाचा इतिहास

यंदा श्रावणात पाटोद्याच्या आमच्या घरातला लॅपटॉप फारच रेंगाळायला लागला. बटण दाबल्यापासून चहा उकळून, गाळून, पिऊन होईपर्यंत पडद्यावर ते चक्र फिरतच राही. पुतणीला शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा होता आणि मुदत चार दिवसांवर आली होती. घरात येणाऱ्या प्रत्येकाने एकच निदान केले : व्हायरस आलाय, फॉरमॅट मारा. शेजारचे निवृत्त तलाठी तेच म्हणाले, दूध घालणारा मुलगाही तेच म्हणाला.

फॉरमॅट या शब्दाची मला धास्ती आहे. तिचे कारण पुढे येईलच. पण संगणक मंद झाला म्हणजे त्याला विषाणू लागला, हे समीकरण आपल्याकडे इतके पक्के झाले कसे?

त्याची सुरुवात खोटी नाही. जानेवारी १९८६ मध्ये लाहोरच्या बासित आणि अमजद फारूक अल्वी या भावांनी ‘ब्रेन’ नावाचा विषाणू लिहिला. आयबीएमच्या धर्तीच्या वैयक्तिक संगणकावरचा हा पहिला विषाणू मानला जातो. फ्लॉपीचा जो भाग संगणक सर्वांत आधी वाचतो, त्या ‘बूट सेक्टर’मध्ये तो ठाण मांडी, तिथला मूळ मजकूर दुसरीकडे हलवी आणि ती जागा खराब असल्याची नोंद करून ठेवी. कोणी बूट सेक्टर तपासायला गेलेच, तर त्याला हलवलेला मूळ मजकूर दाखवी. चोरानेच पंचनाम्याला हजर राहावे, तसा प्रकार. आत या भावांची नावे, पत्ता, दूरध्वनी क्रमांक आणि ‘लस’ हवी असेल तर आमच्याशी संपर्क साधा, असे आवाहनही होते. आपल्या सॉफ्टवेअरच्या चोरट्या प्रती काढणाऱ्यांसाठी तो लिहिला, असे त्यांनी नंतर सांगितले. ब्रेन माहिती सहसा पुसत नसे. त्याने फ्लॉपी ड्राइव्ह मंद चाले. म्हणजे पहिल्याच रोग्याचे लक्षण मंदपणा हे होते.

योगायोग असा, की आपल्याकडच्या औषधाची गोष्टही दोन भावांची आणि एका दुकानाची आहे. मूळचे सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे कैलाश काटकर दहावीनंतर शिक्षण सोडून पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करू लागले, मग संगणकांकडे वळले. दुरुस्तीला येणाऱ्या यंत्रांत विषाणूचा उपद्रव वाढू लागला, तेव्हा संगणकशास्त्र शिकणाऱ्या धाकट्या संजय यांनी तो काढून टाकणारे प्रोग्रॅम लिहायला घेतले. त्यातून ‘क्विक हील’ निघाले. ‘कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस’ या कंपनीने २००७ मध्ये आपल्या उत्पादनाचेच नाव घेतले आणि २०१६ मध्ये ती शेअर बाजारात आली. प्रयोगशाळेऐवजी दुरुस्तीच्या टेबलावर हे औषध जन्मले, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. आपल्याकडे विषाणूविषयीचे सगळे ज्ञान मेकॅनिककडूनच आले. मेकॅनिकला गिऱ्हाईक सांगते ते लक्षण एकच : फार स्लो झालाय हो.

कायद्यानेही या लक्षणावर शिक्कामोर्तब केले. १७ ऑक्टोबर २००० पासून लागू झालेल्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ मध्ये विषाणूची व्याख्या आहे. संगणकाची नासधूस करणाऱ्या सूचनांबरोबरच त्याची कामगिरी खालावणाऱ्या सूचनाही तिच्यात येतात.

पाटोद्यासारख्या तालुक्याच्या गावी संगणक घरोघरच्या बोलण्यात आला तो एमएस-सीआयटीच्या वर्गांमुळे. हा अभ्यासक्रम २००१ मध्ये सुरू झाला. पाठोपाठ पेन ड्राइव्ह आला, आणि खरी साथ त्याने पसरवली. पेन ड्राइव्ह लावताच त्यातला प्रोग्रॅम आपोआप सुरू व्हावा, ही विंडोजची ‘ऑटोरन’ सोय विषाणूंच्या पथ्यावर पडली. झेरॉक्सच्या दुकानात अर्ज छापायला गेलेला पेन ड्राइव्ह घरी येताना पाहुणा घेऊनच येई. फोल्डरचे चित्र लावलेला पण फोल्डर नसलेला तो प्रोग्रॅम, सगळ्या फायली गायब होऊन उरलेले नुसते शॉर्टकट, हे वाचकांपैकी अनेकांना आठवत असेल. फेब्रुवारी २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने जुन्या विंडोजवरही पेन ड्राइव्हपुरते ऑटोरन बंद करणारी दुरुस्ती पाठवली. पण इंटरनेट नसलेल्या संगणकापर्यंत ती पोचणार कशी?

त्या काळात मेकॅनिक फॉरमॅट का मारत, हे समजून घेतले पाहिजे. पूर्ण तपासणीला चार-पाच तास लागत आणि भारनियमनात सलग चार तास वीज कुठली? फॉरमॅट मारून विंडोज पुन्हा टाकले की तासा-दीड तासात गिऱ्हाईक मोकळे. यंत्र खरोखरच पळू लागे, मग ते कशामुळे रेंगाळले होते याचा शोध कोण घेतो? निदान न करताच उपाय लागू पडे आणि उपाय लागू पडला म्हणून निदान खरे ठरे.

२०१२ साली मी माझा संगणक असाच दुकानात दिला. १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी मी तालुक्यात फिरून टिपल्या होत्या : खडी फोडायची कामे, हजेरीपट, सुकडी, विकलेली जनावरे. तेवीस माणसांचे कथन टाइप करून ठेवले होते. ते डेस्कटॉपवर होते, म्हणजे सी ड्राइव्हवर, आणि सी ड्राइव्हच पुसला गेला. दुकानदाराने विचारले नाही, मी सांगितले नाही, दुसरी प्रत काढलेली नव्हती. कच्च्या वहीत निम्मेसुद्धा उरलेले नाही. त्या तेवीसपैकी आज पाच जण हयात आहेत.

दरम्यान विषाणूंनी आपली रीत बदलली होती. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ९४ कोटी ४२ लाख रुपये गेले. एटीएमच्या व्यवहारांना होकार-नकार देणाऱ्या यंत्रणेत घुसखोरांनी स्वतःची नकली यंत्रणा मधे उभी केली, आणि २८ देशांतल्या एटीएममधून बनावट कार्डांनी केलेल्या मागण्यांना तीच होकार देत राहिली. इथे मंदपणा हे लक्षणच नव्हते. उलट व्यवहार झटपट पार पडले म्हणून तर चोरी साधली. पैशासाठी येणाऱ्या विषाणूला यंत्र रेंगाळून मालक सावध झालेला परवडत नाही. अपवाद आहेतच : दुसऱ्याच्या संगणकाला चोरून आभासी चलनाच्या कामाला जुंपणारे प्रोग्रॅम यंत्राला धाप लावतात. पण आज नुसत्या संथपणावरून विषाणू ठरवणे म्हणजे दमणुकीवरून क्षय ठरवण्यासारखे आहे.

म्हणून यंदा आधी सगळ्या फायलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढली. मग टास्क मॅनेजर उघडला. प्रोसेसर निवांत होता, हार्ड डिस्क मात्र सतत शंभर टक्के व्यग्र. विंडोजबरोबर येणाऱ्या डिफेंडरची ऑफलाइन तपासणी केली. ती विंडोज पुरते सुरू होण्याआधीच चालते. ब्रेनच्या काळातही जाणकार स्वच्छ फ्लॉपीवरून संगणक सुरू करून मगच तपासत, कारण चोर जागा व्हायच्या आत झडती घ्यायची असते. काही सापडले नाही. ब्राउझरमध्ये खरेदीच्या सवलती दाखवणारे एक उपटसुंभ जोडपत्र होते, ते काढले. शिवाय एकाच वेळी दोन अँटीव्हायरस एकमेकांच्या पायात पाय घालत होते. त्यातला मुदत संपलेला काढताच थोडा फरक पडला. बाकी दोष जुन्या, फिरत्या हार्ड डिस्कचा. बीडहून एसएसडी आणून बसवून घेतली. अर्ज मुदतीच्या आदल्या संध्याकाळी गेला.

जुनी डिस्क ठेवून घेऊ का, असे दुकानातल्या मुलाने विचारले. मी ती मागून घेतली आणि कपाटात त्या कच्च्या वहीशेजारी ठेवली. दिवाळीनंतर उरलेल्या पाच जणांकडे पुन्हा जायचे आहे.