आनुवंशिक बहिरेपणा
आनुवंशिक बहिरेपणा म्हणजे जनुकांतील दोषामुळे आलेला व पिढ्यान्‌पिढ्या संक्रमित होऊ शकणारा श्रवणदोष होय. जन्मजात बहिरेपणाच्या निम्म्याहून अधिक प्रकरणांचे मूळ जनुकांत आढळते. उरलेल्या प्रकरणांत गर्भावस्थेतील रुबेलासारखे संसर्ग, अकाली जन्म, तीव्र कावीळ इत्यादी कारणे असतात.

प्रकार
बहिरेपणासोबत अन्य अवयवांचे विकार असल्यास त्यास लक्षणसमूहयुक्त बहिरेपणा म्हणतात. अशर लक्षणसमूहात दृष्टी हळूहळू क्षीण होते, पेंड्रेड लक्षणसमूहात गलगंड उद्भवू शकतो, तर वार्डेनबर्ग लक्षणसमूहात कपाळावर पांढरी बट किंवा दोन डोळ्यांचे भिन्न रंग आढळतात. सुमारे ७० टक्के रुग्णांत मात्र बहिरेपणाखेरीज दुसरे लक्षण नसते.

संक्रमण
बहुसंख्य प्रकरणांत दोष अप्रभावी असतो. आई व वडील दोघेही सदोष जनुकाचे वाहक असतात, परंतु त्यांना स्वतःला उत्तम ऐकू येते. अशा दांपत्याच्या प्रत्येक अपत्यास बहिरेपणा येण्याची शक्यता २५ टक्के असते. त्यामुळे घराण्यात पूर्वी कोणीही बहिरे नसताना बहिरे मूल जन्मू शकते. याचा दोष केवळ मातेस देण्याची समजूत निराधार आहे. प्रभावी दोषात एकाच पालकाकडून आलेले सदोष जनुक पुरेसे ठरते.

आतेभाऊ व मामेबहीण यांचा विवाह महाराष्ट्रातील अनेक समाजांत संमत मानला जातो. अशा सख्ख्या नात्यात सरासरी एक अष्टमांश जनुके समान असतात. त्यामुळे दोघेही एकाच सदोष जनुकाचे वाहक असण्याचा संभव वाढतो.

प्रमुख जनुके
तेराव्या गुणसूत्रावरील जीजेबी२ हे जनुक कनेक्सिन २६ हे प्रथिन घडवते. हे प्रथिन अंतर्कर्णातील पेशींना जोडणारे सूक्ष्म मार्ग तयार करते व पोटॅशियमच्या अभिसरणास साहाय्य करते. या जनुकाचा बहिरेपणाशी असलेला संबंध १९९७ मध्ये स्पष्ट झाला. भारतीय रुग्णांत यातील डब्ल्यू२४एक्स हे उत्परिवर्तन विशेष आढळते. त्यामुळे प्रथिनाची जडणघडण आरंभीच खंडित होते. युरोपीय वंशाच्या लोकांत ३५डेलजी हे उत्परिवर्तन अधिक आढळते.

तंतुकणिकेतील १५५५ या स्थानावरचा दोष केवळ मातेकडून येतो. अशा व्यक्तींना स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिन यांसारखी प्रतिजैविके दिल्यास कायमचा बहिरेपणा येऊ शकतो. मातृकुळात औषधानंतर कोणास बहिरेपणा आला असल्यास वैद्यास तसे आधीच सांगणे हितावह असते.

निदान व उपाय
नवजात अर्भकाची श्रवणचाचणी पहिल्या महिन्यात, निश्चित निदान तिसऱ्या महिन्यापर्यंत आणि उपचारास आरंभ सहाव्या महिन्यापर्यंत व्हावा, असा सर्वमान्य संकेत आहे. ओएई व बेरा या चाचण्या वेदनारहित असतात. भाषाग्रहणाचा काळ आयुष्याच्या आरंभीचाच असल्याने ‘मूल उशिरा बोलेल’ म्हणून वाट पाहणे हानिकारक ठरते. श्रवणयंत्र, कर्णावर्त रोपण, वाचोपचार व खुणांची भाषा हे प्रमुख मार्ग होत. ओटोफर्लिन जनुकाच्या दोषावरील जनुकोपचाराने काही मुलांची श्रवणक्षमता सुधारल्याचे २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

मुंबईत वांद्रे येथे १९८३ मध्ये स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था या क्षेत्रात संशोधन, प्रशिक्षण व पुनर्वसनाचे कार्य करते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात (२०१३) बालकांच्या तपासणीत जन्मजात बहिरेपणाचा समावेश आहे. त्यामुळे पवनीसारख्या तालुक्यातील बालकांची तपासणीही अंगणवाडी व शाळांच्या स्तरावर होणे अभिप्रेत आहे.