छप्पन्नचा दुष्काळ, खानदेश आणि संयुक्त धर्मादाय निधी

दोंडाईचे हे तापीच्या खोऱ्यातील गाव आज मिरचीच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध आहे. सुरतेहून अमळनेरकडे येणारा ताप्ती व्हॅली लोहमार्ग या भागातून पुरा होत होता, त्याच सुमारास, म्हणजे १८९९-१९०० साली, खानदेशावर छप्पन्नचा दुष्काळ कोसळला. विक्रम संवत १९५६ वरून पडलेले हे नाव गुजरातशी असलेल्या निकट संबंधाचीच खूण होय. खानदेश हा त्या वेळी एकच जिल्हा होता. त्याचे पूर्व व पश्चिम असे विभाजन १९०६ साली झाले. मुंबई इलाख्यात गुजरातच्या जोडीने ज्या प्रदेशाला या आपत्तीची तीव्र झळ बसली, त्यांत त्याची गणना करावी लागते. दुष्काळी कामे, मजुरीचे दर व मृत्युसंख्या यांची चर्चा इतिहासकारांनी पुष्कळ केली आहे. अनेक दात्यांनी एकत्र येऊन दानाची पद्धत कशी घडविली, हा प्रश्न त्या मानाने उपेक्षित राहिला.

या पद्धतीचा उगम १८७७ सालच्या वादात आहे. मद्रासचे गव्हर्नर ड्यूक ऑफ बकिंगहॅम यांनी इंग्लंडमधील जनतेला मदतीचे आवाहन केले, ते व्हाइसरॉय लिटन यांना रुचले नाही. जीव वाचविणे हे सरकारचे काम असेल, तर वर्गणीच्या पैशाने नेमके काय करावयाचे, हा आक्षेप अगदीच निराधार नव्हता. सरकार व दाते एकाच माणसाला दोनदा देतात आणि दुसऱ्याला कोणीच देत नाही, हा धोका खराच होता. मद्रासच्या निधीचे चिटणीस विल्यम डिग्बी यांनी १८७८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या साऱ्या व्यवहाराची हकीकत मिळते.

वीस वर्षांनंतर, १८९७ साली, या वादाचे उत्तर नियमांच्या रूपाने पुढे आले. वर्गणीचा विनियोग चारच कामांसाठी व्हावा असे ठरले: सरकारी शिध्याला जोड म्हणून वस्त्रादी किरकोळ सोयी, अनाथ मुलांचे संगोपन, सरकारी कामावर येण्यास लाजणाऱ्या घरंदाज गरिबांना साहाय्य, आणि सर्वस्व गमावलेल्यांना पुन्हा उभे करणे. कलकत्त्यास मध्यवर्ती समिती, प्रांतोप्रांती तिच्या शाखा व त्यांखाली जिल्हा समित्या अशी रचना होती. १९०० साली हीच चौकट पुन्हा वापरण्यात आली. लंडनच्या मॅन्शन हाऊसमधील वर्गणी, हिंदुस्थानातील संस्थानिकांच्या व व्यापाऱ्यांच्या देणग्या, एवढेच नव्हे तर बर्लिनहून आलेले पाच लाख मार्क, हे सर्व वेगवेगळ्या हातांनी न वाटता गरजेच्या मानाने प्रांतांना वाटून देता आले. याच वर्षी अमेरिकेतून ‘क्विटो’ जहाजाने आलेला मका मात्र मिशनऱ्यांच्या स्वतंत्र समितीमार्फत वाटला गेला. सर्वच दाते एका छत्राखाली आले, असे म्हणता येणार नाही.

निधीचा सर्वांत मोठा वाटा चौथ्या कामावर खर्च झाला, आणि ते योग्यच होते. गुरे मेलेल्या कुणब्याला बैल व बियाणे मिळावयाचे, तर ते पहिल्या पावसापूर्वीच मिळाले पाहिजे; आषाढात मंजूर झालेली रक्कम कितीही उदार असो, ती पेरणीच्या उपयोगाची नाही. येथे निधीची गाठ सरकारी तगाईशी पडत असे. १८८४ च्या कायद्याखालील तगाई हे कर्ज होते व त्याला तारण लागे. ज्याची पत शिल्लक आहे त्याला तगाई व ज्याची पत बुडाली त्याला देणगी, ही विभागणी तत्त्वतः निर्दोष आहे. व्यवहारात पत कोणाची बुडाली हे ठरविण्यासाठी गावाची माहिती हवी.

ही माहिती ज्यांच्यापाशी होती, त्यांचे काय झाले हे पाहण्याजोगे आहे. पुणे सार्वजनिक सभेने १८७६-७८ च्या दुष्काळात गावोगावच्या वार्ता जमवून सरकारकडे पाठविल्या होत्या. १८९६-९७ च्या दुष्काळात सभेचे कार्यकर्ते शेतकऱ्यांना दुष्काळी कायद्यातील त्यांचे हक्क सांगत फिरले, तेव्हा मुंबई सरकारने १८९७ साली सभेची मान्यताच काढून घेतली. दात्यांचे सहकार्य असे वरच्या थरात जुळले. खालच्या थरातील जाणकार त्यातून वगळले गेले. जयपूरच्या महाराजांनी १९०० साली पंधरा लाख रुपये देऊन इंडियन पीपल्स फॅमिन ट्रस्ट स्थापन केला, त्यामुळे प्रत्येक दुष्काळात नव्याने वर्गणी जमविण्याची अडचण काही अंशी दूर झाली. वरील उणीव मात्र तशीच राहिली.

चार कलमांची भाषाही तपासून पाहिली पाहिजे. ती इंग्रजीत घडली आणि अहिराणी व भिल्ली बोलणाऱ्या मुलखात लागू झाली. ‘घरंदाज’ म्हणजे कोण, आणि ‘पूर्वस्थिती’ म्हणजे कोणती? बैलजोडी गमावलेला कुणबी चौथ्या कलमात सहज बसतो. सातपुड्याच्या पायथ्याशी मजुरी करून व रानातील जिन्नस विकून राहणारा भिल्ल, ज्याच्यापाशी जमीन तर सोडाच, पण स्वतःचा नांगरही नसे, त्याला परत द्यावयाची मालमत्ता कागदावर दिसत नव्हती. त्याच्या वाट्याला पहिले कलम, आणि त्याच्या पोरक्या मुलांच्या वाट्याला दुसरे, एवढेच उरत होते.